शटर अर्ध्यावर थांबतं का

थोरला : शटर बदलायला माझा विरोध नाही. पण ‘जुनं झालं’ एवढ्यावर मी त्याला भंगारात घालणार नाही. १९८८ साली बाबांनी इथं कोल्हापुरात घर बांधलं तेव्हा खालचा गाळा गुळाच्या रव्यांसाठी काढला होता. पुढं व्यापार आटोपला, गाळ्यात गाडी आली आणि गोदामाचं शटर गॅरेजचं दार झालं. पट्ट्या अठरा गेजच्या आहेत, सव्वा मिलिमीटर जाडीच्या. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत शटरची पट्टी ८० मिलिमीटर रुंद आणि सव्वा मिलिमीटर जाड अशी लिहिलेली असते, बाबांनी तेच माप घातलं. आज घरासाठी शटर मागायला जा, बरेचदा वीस गेजचा नमुना हातात देतात. एक मिलिमीटरपेक्षाही पातळ. आपल्या दारानं २०१९ चा आणि २०२१ चा, असे दोन महापूर अंगावर घेतले. खालच्या तीन पट्ट्यांची चाळणी झाली आणि बॉटम पट्टीला भोकं पडली, एवढंच. पट्ट्या एकमेकींत ओवलेल्या असतात, हवी ती बाजूनं सरकवून काढता येते. तीन पट्ट्यांपायी तीस-पस्तीस पट्ट्यांचं दार फेकायचं, हे मला पटत नाही.

धाकटी : दादा, तुझी नजर पट्ट्यांवर जाते, कारण त्या दिसतात. मी वर बघते. आपलं दार तीन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच आहे, म्हणजे साडेसात चौरस मीटर. सव्वा मिलिमीटर पत्रा चौरस मीटरला दहा किलोला किंचित कमी भरतो. नुसता सपाट धरला तरी पाऊणशे किलो झाले. पट्टीला बाक असतो, कडा वळवलेल्या असतात, त्यात पत्रा जास्त जातो, खाली बॉटम पट्टी असते. शंभराच्या आसपास धर. हे शंभर किलो आई सळीचा आकडा लावून रोज वर-खाली करते. तिचं वय ७६. तिचा हात फक्त खूण करतो, ओझं उचलतात वरच्या पाईपवरच्या तीन स्प्रिंगा. शटर खाली येताना आपलं वजन स्प्रिंगेत पिळून ठेवतं आणि वर जाताना तेच परत मागून घेतं. हा हिशेब प्रत्येक उघडझापीला होतो आणि प्रत्येक वेळी पोलाद थोडं थकतं. अमेरिकेत घराच्या गॅरेजला जे दार असतं, त्याच्या साध्या स्प्रिंगेचं आयुष्य दहा हजार उघडझापी धरतात. आपलं शटर दिवसात चार वेळा उघडतं. दहा हजार पुरे व्हायला सात वर्षंसुद्धा लागत नाहीत. आपल्या स्प्रिंगा कधी बदलल्या?

थोरला : २०११ मध्ये. लक्षात आहे, कारण त्याच वर्षी धाकट्याची मुंज झाली. पण तू अमेरिकेचा आकडा इथं आणू नकोस. तिकडचं दार वेगळं. ते गुंडाळत नाही, आडव्या फळ्यांचं असतं आणि रुळावरून छताखाली सरकतं. त्याला बरेचदा एकच मोठी स्प्रिंग असते, ती तुटली की दार जागचं हलत नाही. आपल्या पाईपवर तीन आहेत. एक गेली तर दार जड होतं, पण चालतं. जड झालं की आपल्याला कळतं. आणि कळण्यासाठी शटरच्या मेस्त्रींनी मला एक सोपी परीक्षा शिकवली आहे. शटर अर्ध्यावर आणायचं, छातीच्या उंचीला, आणि हात सोडायचा. जिथल्या तिथं थांबलं तर ताण बरोबर. खाली घसरायला लागलं तर स्प्रिंग ढिली पडली. वर धावलं तर ताण जादा भरलाय. गेल्या दिवाळीत केलं तेव्हा चार बोटं खाली आलं आणि थांबलं. चार बोटांसाठी मी कोणाला बोलावणार नाही. वस्तू आपल्याशी बोलत असते. तिचं ऐकायची सवय असली की ती मोडायच्या आधी दुरुस्त होते, आणि मोडल्याशिवाय फेकायची वेळ येत नाही.

धाकटी : इथंच मला अडचण आहे. काही भाग बोलतात हे मला मान्य. पट्टीवर आधी तांबूस ठिपका येतो, मग फोड, मग भोक. त्याला दोन-तीन पावसाळे लागतात. पट्ट्या ज्यात सरकतात ते बाजूचं चॅनेल वाकलं तर घासल्याचा आवाज येतो, बेअरिंग कोरडं पडलं तर ते कुरकुरतं. या सगळ्यांच्या बाबतीत तुझं म्हणणं लागू आहे, ऐकावं आणि दुरुस्त करावं. पण स्प्रिंग तशी नाही. तिच्या तारेला आतून बारीक चीर जाते आणि ती बाहेरून तशीच चकचकीत दिसते. आदल्या दिवशी अर्ध्यावर शटर थांबतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तार तुटते. तुझी परीक्षा ढिली पडलेली स्प्रिंग ओळखते, तुटायला आलेली नाही. मुक्या भागाला दुरुस्ती हा शब्दच लागू पडत नाही. तो तारीख बघून बदलावा लागतो, चांगला दिसत असतानाच. तुझ्यासारख्या माणसाला तेच जड जातं. चांगली दिसणारी वस्तू काढून टाकायची म्हणजे तुला पाप वाटतं.

थोरला : वाटतं. नाकारत नाही. पण तू बोलकं आणि मुकं अशी वाटणी केलीस ती मला आवडली. मग शटर ‘बदलायचं’ की ‘दुरुस्त करायचं’ हा प्रश्नच चुकीचा होतो. दार ही एक वस्तू नाहीच. पट्ट्यांचं घड्याळ वेगळं, स्प्रिंगेचं वेगळं, बेअरिंगचं वेगळं. सगळ्यांना एकाच दिवशी भंगारवाल्याच्या गाडीत घालणं म्हणजे एकाचा दात किडला म्हणून सगळ्या घराचे दात काढण्यासारखं आहे. स्प्रिंगा तारखेनं बदलू. पट्ट्या मात्र जेव्हा बोलतील तेव्हा.

धाकटी : बोलण्याबद्दल अजून एक. तू दर चैत्रात चॅनेलला ग्रीस भरतोस ना?

थोरला : बाबा भरायचे, मी भरतो. सगळी गल्ली भरते.

धाकटी : ते चुकतंय. ग्रीसचं काम बेअरिंगमध्ये आहे, जिथं धूळ पोचत नाही. उघड्या चॅनेलमध्ये ग्रीस घातलं की रस्त्याची सगळी माती त्यात चिकटते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं वावटळ उठली की किती धूळ येते, तुला माहीत आहे. आठ-पंधरा दिवसांत त्या ग्रीसची घासायची पेस्ट होते आणि शटर प्रत्येक फेरीला पट्टीची कड आणि चॅनेल दोन्ही घासून काढतं. तू ज्याला देखभाल म्हणतोस ती तीस वर्षं झीज करत आलीय. चॅनेल कोरड्या फडक्यानं पुसायचं, फार तर ग्रॅफाइटची पूड मारायची. स्प्रिंगांना हलकं तेल आणि बेअरिंगला ग्रीस, एवढं पुरे.

थोरला : हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आणि आता तू बोललीस तशी एक गोष्ट उलगडली. २०२१ चं पाणी उतरल्यावर आठ दिवस शटर जागचं हललं नव्हतं. जयंती नाल्याकडून आलेला गाळ दोन्ही चॅनेलमध्ये शिरला होता आणि उन्हानं वाळून सिमेंटसारखा झाला होता. मी करवतीचं पातं मोडून हातात धरलं आणि चॅनेलमध्ये खालपासून वरपर्यंत एकेक इंच खरवडत गेलो. दोन दिवस लागले. खपली निघायची, तिच्या आतल्या बाजूला काळं, गुळगुळीत ग्रीस असायचं. गाळाला धरून ठेवणारं तेच होतं. समोरच्या घरात चॅनेल कोरडं होतं, त्यांनी नळाची पाईप लावून एका दुपारी मोकळं केलं. तेव्हा मला वाटलं, त्यांच्याकडं पाणी कमी चढलं असेल.

धाकटी : बघ, दार बोलत होतं, पण आपण त्याचा अर्थ उलटा लावला. म्हणूनच नुसतं ऐकणं पुरत नाही असं मी म्हणते. ऐकणाऱ्याला काहीतरी माहीत असावं लागतं, आणि ते आज किती जणांना माहीत आहे? आपले मेस्त्री सत्तरीला आले. त्यांचा मुलगा शिरोलीत कारखान्यात नोकरीला लागला आणि शहाणपणा केला. तू दुरुस्तीचं गुणगान करतोस तेव्हा त्यात एक माणूस गृहीत धरतोस. तो शिडीवर चढणारा, पाईप पान्यानं धरणारा, बोलावल्यावर येणारा. तो माणूसच उरला नाही तर?

थोरला : तो उरला नाही कारण आपण त्याला उरू दिलं नाही. हे गाव हातानं काम करणाऱ्यांचं आहे. शिवाजी उद्यमनगरात फिरून बघ, एका गल्लीत ऑइल इंजिनाचा कुठलाही भाग लेथवर चढवून देतात. ऊस भिजवायला विहिरीवर इंजिन हवं होतं, बाहेरून आलेलं इंजिन बंद पडलं की इथल्या माणसानं ते उघडलं, समजून घेतलं, आणि पुढं स्वतःच बनवायला लागला. बाबूराव पेंटर आणि दामल्यांनी याच गावात १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा हातानं घडवला. ज्यांनी कॅमेरा घडवला त्यांच्या गावात शटरची स्प्रिंग बसवायला माणूस मिळू नये, ही मला लाजेची गोष्ट वाटते.

धाकटी : कॅमेऱ्याचं उदाहरण तू घेतलंस, पण ते माझ्या बाजूचं आहे. त्यांनी जुना कॅमेरा ठिगळं लावून वापरला नाही, नवा केला. उद्यमनगरातला माणूससुद्धा आलेलं इंजिन दुरुस्त करत बसला नाही, त्यानं आपलं इंजिन काढलं. कोल्हापूरनं ज्याचा अभिमान धरावा ते नवं करण्याचं धाडस आहे. दुरुस्ती ही त्याची पहिली पायरी होती, मुक्काम नव्हता.

थोरला : पण पहिली पायरी चढल्याशिवाय वर कोण गेला? उघडून बघितलं म्हणून समजलं. आज नवीन शटरची मोटर बंद पडली की आतलं कोणी उघडत नाही, डबा बदलतात. बदलणाऱ्याच्या हाताला काय कळणार? आणि माझ्या पुढच्या पिढीतला मुलगा जे शिकेल ते कुठून शिकेल?

धाकटी : हे मी मान्य करते, आणि तरी विचारते की शिकायची किंमत कोण मोजतो. स्प्रिंग बदलताना तू कधी खाली उभा राहून पाहिलंस? वर गुंडाळलेलं शटर दोरीनं बांधतात. एक जण पाईप पान्यानं धरतो, दुसरा पाईप अडकवलेला बोल्ट सोडतो, आणि मग स्प्रिंगेत भरलेला ताण एकेक वेढा सोडत उतरवायचा. त्या क्षणी शंभर किलोच्या दाराचं जे काही स्प्रिंगेत कोंडलेलं असतं ते एका माणसाच्या मनगटावर असतं. पाना निसटला तर पंख्यासारखा फिरतो. २०११ ला आले तेव्हा मेस्त्री लाकडी शिडीवर होते, पायात चप्पल, डोक्यावर टोपीसुद्धा नाही. आपण त्यांना चहा दिला आणि स्वस्तात काम झालं म्हणून समाधान मानलं. दुरुस्ती स्वस्त पडते याचं एक कारण असं आहे की त्यातला धोका बिलात लिहिलेला नसतो.

थोरला : हे तू बोललीस ते मला लागलं. मी तिथं होतो. शिडी धरायला मेस्त्रींनी मलाच सांगितलं होतं, आणि पाना फिरवताना त्यांच्या दंडाच्या शिरा कशा टरारल्या होत्या ते अजून डोळ्यांसमोर आहे. शेवटचा वेढा सुटल्यावर ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत. तेव्हा मला वाटलं, वय झालं म्हणून दमले. पण याचा निष्कर्ष दार फेका असा निघत नाही. लोखंडी मचाण आणा, दोन माणसं लावा, पैसे नीट द्या. दुरुस्ती महाग होऊ दे. ती महाग झाली की लोक लौकर आणि नीट देखभाल करतील. नव्या शटरलासुद्धा ताण भरावाच लागतो, तिथंही कोणाचं तरी मनगट असतंच.

धाकटी : असतं, पण बाजूला बसणारी मोटर घेतली तर ओझं साखळी-चाकावर मोटरच पेलते, स्प्रिंगेवर सगळी भिस्त राहत नाही. आणि खरं सांगायचं तर माझा आग्रह मोटरसाठीच आहे, दार जुनं की नवं हा भाग दुय्यम. मागच्या महिन्यात आईनं फोनवर सांगितलं, ‘खांदा धरलाय, काही नाही, शटर जरा जड लागतंय.’ तुझी चार बोटं, दादा. दिवाळीत तू चार बोटं मोजलीस आणि सोडून दिलीस. ती तिनं रोज चार वेळा खांद्यावर घेतली. दार तुझ्याशी बोललं, पण त्याचं ओझं ती उचलत होती. वर उचलायचं दार अमेरिकेत १९२१ साली जॉन्सननं काढलं आणि पाच वर्षांत, १९२६ ला, त्याला विजेचं यंत्र जोडलं. शंभर वर्षं होत आली. ७६ वर्षांच्या बाईला ते मिळायला अजून कशाची वाट बघायची?

थोरला : आईनं मला खांद्याचं सांगितलं नाही.

धाकटी : तुला कशाला सांगेल? तू म्हणशील, मी उघडत जाईन. आणि तू सकाळी सातला बाहेर पडतोस.

थोरला : ठीक. मग मोटरबद्दल माझी भीती सांगतो, हट्ट म्हणून नको घेऊ. पहिली भीती पाण्याची. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की इशारा आणि ४३ झालं की धोका, हे इथलं पोरही सांगेल. २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पाणी शिरायला लागलं की आधी वीज जाते, जावीच लागते. त्या वेळी गाडी बाहेर काढायची असते, सिलिंडर वर न्यायचे असतात, आणि हातातलं रिमोट नुसतं दाबत बसायचं? कंबरेच्या उंचीला लावलेल्या स्विचच्या डब्यात पाणी गेलं की पुढं पंधरा दिवस त्याला हात लावायला नको. आपलं शटर २०१९ ला अंधारात, पाण्यात उभं राहून मी एका हातानं वर केलं होतं.

धाकटी : त्यावर उत्तर आहे. बाजूच्या मोटरला हातानं ओढायची साखळी येते. डबा छताजवळ लावता येतो, बॅटरी जोडता येते. साखळीनं हळू उघडतं, पण उघडतं.

थोरला : साखळी येते, पण ती वर्षानुवर्षं कोणी ओढत नाही आणि नेमकी पुराच्या रात्री ती जाम निघते. बरं, ही भीती बाजूला ठेवू. दुसरी मोठी आहे. लहान मूल खाली आलं तर? हाताचं शटर आणणारा माणूस दाराजवळच उभा असतो, त्याला दिसतं. रिमोटवाला गाडीत बसून बटण दाबतो.

धाकटी : ही भीती खरी आहे आणि जगानं ती भोगून झाली आहे. अमेरिकेत मुलं दाराखाली सापडून दगावली, मग तिथं कायदा झाला. १ जानेवारी १९९३ पासून बनलेल्या घरगुती यंत्राला अशी सोय सक्तीची झाली की खाली काही आलं तर दार थांबून उलटं वर जावं. त्यासाठी जमिनीजवळ दोन्ही बाजूंना प्रकाशाचे डोळे बसवतात, किरण तुटला की दार मागं फिरतं. आपल्याकडं धातूच्या रोलिंग शटरसाठी भारतीय मानक ६२४८ आहे, पण गल्लीत शटर घेणारा माणूस मानक विचारत नाही, भाव विचारतो. डोळ्याचे पैसे वेगळे म्हटलं की ‘ते नको, घरातलीच माणसं आहेत’ म्हणतो. घरातलीच तर माणसं दाराखालून जातात. माझी अट हीच आहे, मोटर घ्यायची तर डोळ्यासकट आणि पडणं रोखणाऱ्या ब्रेकसकट. पैसे पुरत नसतील तर मोटरच नको.

थोरला : या अटीवर मी तुझ्या बाजूला आलो. पण तिसरी भीती तुझ्याच शब्दात आहे. तू म्हणालीस काही भाग बोलके, काही मुके. बोलके कशामुळं? हातामुळं. चॅनेल अडकतंय हे मनगटाला कळतं. बेअरिंग कोरडं पडलंय हे सळी धरलेल्या तळव्याला थरथर येते त्यावरून कळतं. चार बोटं खाली घसरलं हेही हात सोडल्यावरच कळलं. मोटर बसली की हा हात गेला. अडकलेल्या दाराला मोटर जोर लावून ओढते, तक्रार करत नाही. गंजलेली पट्टी चॅनेलमध्ये वाकडी शिरत असली तरी ती तशीच ओढून वर नेते. जे भाग बोलके होते ते सगळे मुके होतात. मग तुझ्याच हिशेबानं सगळंच तारखेनं बदलावं लागेल. आणि तारखा कोण लिहून ठेवणार? तुम्ही लोक मोटर घेता आणि देखभाल संपली समजता.

धाकटी : याला माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. मोटर घेतल्यावर हात जातो, हे खरं. हात ठेवला तर खांदा जातो, हेही खरं. मी खांदा वाचवायला निघाले आणि तू कान वाचवायला. पण एक सांगू? जुन्या वाड्यांनी यातला अर्धा प्रश्न सोडवून ठेवला होता. वाड्याच्या दरवाजाला दिंडी असायची. मोठा दरवाजा लग्नाला, बैलगाडीला, पालखीला उघडायचा, रोजची माणसं वाकून दिंडीतून आत जायची. त्यामुळं बिजागरीवर रोजचा भार पडायचा नाही. आपलं शटर दिवसात चार वेळा उघडतं, त्यातलं गाडीसाठी फार तर दोनदा. बाकी आई दुधासाठी आणि कचऱ्याच्या गाडीसाठी उघडते, कारण गाळ्यातूनच रस्त्याला जायची वाट आहे. बोळाच्या बाजूनं भिंतीत एक साधं दार काढलं तर उघडझापी निम्म्यावर येतात. स्प्रिंगेचं आयुष्य दुप्पट होतं. आईचा खांदा निम्मा वाचतो, मोटर असो वा नसो.

थोरला : भिंत फोडायची म्हणजे वर लिंटेल टाकायचं, दारालाही पाणी लागणार. पण कल्पना चांगली आहे. बाबांना सुचायला हवी होती.

धाकटी : बाबांना रव्यांसाठी दार हवं होतं. रवे रोज चार वेळा बाहेर जात नाहीत.

थोरला : आणि भंगाराचं? मला दुसऱ्या पट्ट्याही बदलायच्या नाहीत याचं एक कारण तेही आहे. शंभर किलो लोखंड फेकायला जीव होत नाही.

धाकटी : ते फेकलं जात नाही. कोल्हापुरात लोखंड कधीच फेकलं जात नाही. भंगारवाला किलोवर घेतो आणि ते शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत जातं, भट्टीत वितळतं, कोणाच्या तरी पंपाचा भाग होऊन बाहेर येतं. एक टन लोखंड विजेच्या भट्टीत वितळवायला साधारण सहाशे युनिट लागतात. आपल्या शंभर किलोला साठ युनिट, म्हणजे घरच्या फ्रीजची दोन-तीन महिन्यांची वीज. तेवढ्यासाठी मनाला लावून घेऊ नकोस.

थोरला : वितळलेलं लोखंड परत मिळतं, आकार मिळत नाही. पट्टी रोलमधून काढताना, बाक देताना, ओवताना जे श्रम गेले ते भट्टीत जातात. शिवाय जस्ताचा मुलामा आणि रंगाचे थर असलेला पत्रा भट्टीत पडला की जो धूर निघतो तो भट्टीपुढं उभा असलेला पोरगा घेतो. मघाशी तू मेस्त्रींच्या बिलात न लिहिलेल्या धोक्याबद्दल बोललीस. बदलण्याच्या बिलातही तो लिहिलेला नसतो. फक्त आपल्या दारात घडत नाही म्हणून दिसत नाही.

धाकटी : हा मुद्दा मी विसरणार नाही. पट्ट्या ठेवू. तीन नव्या बनवून घे, पण जुन्याच मापाच्या. बाक आणि कडा जुळल्या नाहीत तर नवी पट्टी गुंडाळताना शेजारणीला वाकवते. एखादी जुनी पट्टी सोडवून नमुना म्हणून सोबत ने, मापं फोनवर सांगू नकोस. रंगायच्या आधी गंज घासून रेड ऑक्साइड मार, आणि बॉटम पट्टी आतून रंगव, पाणी तिथंच साठतं.

थोरला : स्प्रिंगा तिन्ही एकदम बदलू. एक नवी आणि दोन जुन्या ठेवल्या तर ताण सारखा वाटला जाणार नाही. मेस्त्रींना मी स्वतः जाऊन सांगतो, वर चढायला त्यांना नको, त्यांनी खाली उभं राहून सांगावं आणि दुसऱ्या दोघांनी मचाणावर करावं. पैसे तिघांचे देऊ. वरच्या कव्हरच्या पत्र्यावर आतून ऑइल पेंटनं तारीख लिहितो. २०११ ची लिहिली असती तर तुला आज विचारावं लागलं नसतं.

धाकटी : आणि मोटर?

थोरला : डोळ्यासकट, ब्रेकसकट, वर डबा लावून. आईच्या खांद्यापुढं मी वाद घालणार नाही. पण माझी एक अट ऐक. महिन्यातून एकदा मोटर बंद ठेवून शटर साखळीनं उघडायचं. साखळी जाम होणार नाही, आणि दार जड चाललंय का, कुठं अडकतंय का, ते कोणाच्या तरी हाताला कळत राहील.

धाकटी : कोणाच्या? आईच्या खांद्याला साखळी नको. वहिनींना मणक्याचं दुखणं आहे. पोरगा बंगळूरला. तुझा गुडघा गेल्या पावसाळ्यापासून वाकत नाही आणि साखळी बराच वेळ उभं राहून ओढावी लागते.

थोरला : तू येशील तेव्हा तू ओढ.

धाकटी : मी पुण्याहून गणपतीला येते आणि दिवाळीला येते. वर्षात दोनदा. त्या वर्षात शटर चौदाशे साठ वेळा उघडतं.

थोरला : दिंडी काढली तर सातशे तीस.

धाकटी : सातशे तीस. आणि माझे दोन.